ए साइडवरची शिंक

टेबलाच्या चारही कोपऱ्यांना तिने फोमचे तुकडे चिकटवले होते. विजेच्या प्लगांना टोपणं बसवली होती, औषधं कपाटाच्या वरच्या फळीवर नेली होती, आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून अशी कडी लावून घेतली होती की कधीकधी मोठ्या माणसांचीही पंचाईत व्हायची. पिटुकलीला इजा होईल अशी एकही वस्तू तिने हाताशी ठेवली नव्हती. पिटुकली कोणत्या वस्तूला इजा करील हा विचार मात्र तिला सुचला नव्हता. तो सुचला तेव्हा दिवाणखान्याच्या मधोमध तपकिरी फितीचा ढीग पडला होता आणि त्यात बसून पिटुकली एक वेटोळं मन लावून चघळत होती.

पिटुकलीची आई त्या वेळी पाठमोरी उभी राहून फोनवर एक लेख वाचत होती. लेखाचं नाव होतं, ‘लहान मुलांकडे पाठ का करू नये’.

“अगं बाई!” एवढंच तिच्या तोंडून निघालं. कॅसेट कोणती हे पाहायची गरज नव्हती. घरात चालू असलेली कॅसेट एकच होती, आणि ती बाबांची, म्हणजे सासऱ्यांची होती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बाबा कॉलेजात होते. परदेशातलं एक रेडिओ स्टेशन दर आठवड्याला त्या आठवड्याची गाजलेली पॉप गाणी लावायचं. ड्रम मशीनचा ठोका, पाण्याखाली घंटा वाजवल्यासारखा कीबोर्ड, आणि प्रेमभंग झाला तरी नाचायचं सोडणार नाही असं बजावणारे गायक. बाबा रेडिओच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर ठेवायचे, दारं लावायचे आणि घरादाराला श्वास रोखून धरायला लावायचे. अशी निवडून टिपलेली गाणी या एका कॅसेटवर होती. कॉलेजातले दोन मित्र वर्षातून एकदा यायचे आणि तिघं मिळून ती ऐकायचे. आज संध्याकाळी यायचे होते. म्हणून तर बाबांनी सकाळीच टेपरेकॉर्डर स्पिरिटच्या बोळ्याने पुसला होता, कॅसेट त्याच्या शेजारी काढून ठेवली होती आणि केस काळे करायला सलूनमध्ये गेले होते. तिथून ते मित्रांना स्टेशनवरून परस्पर घेऊन येणार होते.

पिटुकलीच्या तोंडातून फीत सोडवून तिने ती मऊ फडक्याने पुसली. कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून ती हलक्या हाताने फिरवायला लागली. फीत आत गेली. तिच्या जिवात जीव आला. एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण काळजीखोर माणसाला खात्री करून घेतल्याशिवाय चैन पडत नाही. तिने कॅसेट मशीनमध्ये घालून बटण दाबलं. मशीनने आधी बुडबुड्यांसारखा आवाज काढला, मग बेडकासारखा, आणि मग गिळायला सुरुवात केली. तिने झाकण उघडून ओढलं तेव्हा फीत तीन ठिकाणी तुटून हातात आली.

तिने नवऱ्याला फोन लावला.

“एवढंच ना?” तो ऑफिसातून म्हणाला. “अगं, ती सगळी गाणी नेटवर आहेत. फोनवर लाव, टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेव, दुसऱ्या कॅसेटवर रेकॉर्ड कर. बाबांना पत्तासुद्धा लागणार नाही.”

“नक्की?”

“शंभर टक्के. बरं, ठेवतो, मीटिंग आहे.”

माळ्यावरच्या खोक्यात तिला त्याच बनावटीची एक जुनी कॅसेट मिळालीसुद्धा. किटलीच्या वाफेवर धरून तिने बाबांच्या अक्षरातलं लेबल सोडवलं आणि त्या कॅसेटवर चिकटवायला घेतलं. तेवढ्यात सासूबाई दुपारची झोप आटोपून बाहेर आल्या. त्यांनी फितीचा गुंता पाहिला, नातीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

“ओरडा मला,” ती म्हणाली.

“ओरडायला वेळ आहे का? काय ठरवलंयस ते सांग.”

तिने सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली. “दुकानातल्यासारखी स्वच्छ गाणी लावशील तर पहिल्या मिनिटात पकडली जाशील. ह्यांच्या कॅसेटवर स्वच्छ असं काही नाहीच. पहिल्या गाण्यात खुर्ची सरकते. दुसऱ्यात झाकण पडतं. तिसऱ्याच्या ऐन मध्यावर डिस्को शिंकतो.”

डिस्को म्हणजे बाबांचा मित्र. त्या काळी खांद्यापर्यंत केस होते, आता एकही नव्हता. नाव तेवढं राहिलं होतं.

“ती शिंक आली की तिघं उभे राहून टाळ्या वाजवतात,” सासूबाई म्हणाल्या. “चौथ्यात निवेदक मध्येच तोंड घालतो. आणि शेवटच्या गाण्यात...” त्या थांबल्या. “शेवटच्या गाण्यात ह्यांची आई आहे. दारातून हाक मारते, ‘अरे, ते केकाटणं बंद कर आणि जेवायला ये, पानं घेतलीत.’ त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही गं.”

तोवर तिला वाटत होतं, आपण गाणी तोडली. आता कळलं, आपण एका माणसाची आई पुसून टाकली. “आई, मी बाबांना खरं सांगते. पाया पडते त्यांच्या.”

“मग पड. पण ते दोघं गेल्यावर. वर्षातून एकदा तिघं जमतात, आणि तिघांतल्या मधल्याचं गेल्या महिन्यात ऑपरेशन झालंय. आजची संध्याकाळ जाऊ दे सुखाची. ऊठ, स्वयंपाकघरातून झाकण आण. मोठं. छोट्याचा आवाज किणकिणता येतो.”

सासूबाईंनी खोलीचा ताबा घेतला. फोनवर गाणं लागलं, टेपरेकॉर्डरचं लाल बटण दबलं, आणि त्यांनी बोट वर केलं की सुनेने खुर्ची ओढायची असं ठरलं. पहिलं गाणं बिनबोभाट पार पडलं. दुसऱ्यात झाकण जोरात पडलं, आणि गादीवर नुकतीच पेंगुळलेली पिटुकली दचकून उठून खदखदा हसली. ते हसू सरळ फितीवर गेलं.

“मेले मी,” गाणं संपल्यावर बटण बंद करून ती कुजबुजली. “तेव्हा या घरात तान्हं मूल कुठे होतं? परत करू या का?”

“वेळ नाही. शेजारच्यांचं समजतील.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा होते. “सूनबाई, गाडी वेळेआधी आली बरं का! निघालोच आम्ही.”

पुढची गाणी तिने घाम पुसत पुसत काढली. तिसऱ्याच्या मध्यावर सासूबाईंनी मान मागे टाकली आणि अशी पुरुषी, गडगडती शिंक काढली की पिटुकली आ वासून पाहत राहिली. चौथ्यात निवेदक व्हायचं काम सुनेकडे आलं, कारण इंग्रजी तिचं बरं होतं. तिने पेल्यात तोंड घालून निवेदन केलं. “नाकातून,” सासूबाईंनी खूण केली. ती नाकातून बोलली. डॉक्टरेट करायची राहिली होती तिची; माहेरच्यांनी हे पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, हा विचार तिने बाजूला सारला.

शेवटचं गाणं लागलं. सासूबाई उठून दारात गेल्या, पदर सारखा केला, आणि त्यांच्या गळ्यातून एक वेगळाच, खणखणीत, हुकमी आवाज आला. “अरे, ते केकाटणं बंद कर आणि जेवायला ये, पानं घेतलीत!” सुनेला भिंतीवरच्या फोटोतली आजेसासू दारात येऊन उभी राहिल्यासारखी वाटली.

गाणं विरून गेलं. दोघी जमिनीवर बसल्या.

“तुम्हाला हे सगळं इतकं पाठ कसं?” तिने विचारलं.

सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं. “कारण मागच्या वेळीही मीच केलं होतं. तुझा नवरा हिच्याएवढा होता. सासूबाई जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि याने सगळी फीत ओढून बादलीत बुडवली. ह्यांचं तोंड बघवलं नसतं मला. गाणी दुकानातून भरून आणली आणि एक दुपार शिंकत बसले. ती शिंक तेव्हापासून माझीच आहे.”

“आणि बाबांना?”

“गंध नाही.”

खट्ट. टेपरेकॉर्डरचं बटण आपोआप वर आलं, आणि त्याच क्षणी दारावरची बेल वाजली. तिने कॅसेट बाहेर काढून ठेवली, धावत जाऊन गुंता पिटुकलीच्या कपड्यांखाली दडवला, सासूबाई पाणी आणायला वळल्या, आणि बाबा काळ्याकुळकुळीत केसांनी आत आले.

“वहिनी, भूक लागलीय!” डिस्को म्हणाला. मधला मित्र हळूहळू पावलं टाकत आला आणि सोफ्यावर टेकला. त्याच्या कानात नवं यंत्र होतं. बाबांनी कॅसेट उचलली. लेबल कोपऱ्यात किंचित ओलं होतं. त्यांनी ते अंगठ्याने दाबलं, कॅसेट मशीनमध्ये घालून फीत मागे नेली आणि बटण लावलं.

खुर्ची सरकली. “सरकली!” तिघं एका सुरात म्हणाले. झाकण पडलं. “पडलं!” आणि पिटुकली हसली.

मधल्याने कानाला हात लावला. “हे मूल कोणाचं रे? इतकी वर्षं कधी ऐकलं नाही.”

“इतकी वर्षं तुला कान होते कुठे?” डिस्को म्हणाला. “मशीन लावलंस म्हणून ऐकू आलं.”

शिंक आली तेव्हा तिघं उभे राहिले, मधलासुद्धा सोफ्याला धरून. डिस्कोने छातीवर हात ठेवून वाकून अभिवादन केलं. “काय शिंक होती! आता होत नाही तशी.” निवेदकाला कोणी नावं ठेवली नाहीत. शेवटच्या गाण्यात दारातली हाक आली. बाबांनी चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला. मित्र खाली बघत राहिले.

झालं, निभावलं, असं ती मनात म्हणते न म्हणते तोच तिच्या कानात मघाचं ते ‘खट्ट’ वाजलं. गाणं संपल्यावर लाल बटण कोणी बंद केलं होतं? कोणीच नाही. ते फीत संपल्यावर वर आलं होतं. तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा रंग उतरला होता.

“बाबा, चहा टाकू?” ती टेपरेकॉर्डरकडे झेपावली. “मी बंद करते.”

“राहू दे गं. बाजू संपू दे. मध्येच बंद केलं की फीत ढिली पडते.”

“नाही, म्हणजे, पिटुकलीची झोपायची...”

“तुम्हाला हे सगळं इतकं पाठ कसं?” टेपरेकॉर्डर म्हणाला.

सासूबाईंचा आवाज आला, बादली आली, दुकान आलं, शिंकांची ती दुपार आली. “आणि बाबांना?” “गंध नाही.” खट्ट.

ती पुढे झाली. “बाबा, चूक माझी आहे. मी पाठ केली आणि पिटुकलीने... आई नुसत्या मला वाचवत होत्या.”

बाबांनी कॅसेट बाहेर काढली, उलटीपालटी केली. “हिच्या पाठीवर प्लास्टिकच्या दोन छोट्या चकत्या असतात, बघ. त्या तोडल्या की कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड करता येत नाही. माझ्या मूळ कॅसेटच्या मी पहिल्याच दिवशी तोडल्या होत्या. आई गेल्यानंतर एकदा कॅसेट हातात घेतली तर दोन्ही जागच्या जागी. दुधाचे दात थोडेच ते, परत यायला?”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?” सासूबाई कडाडल्या. “तेव्हापासून? मग दर वर्षी डोळे कसले पुसत होतात?”

“आईसाठीच पुसायचो. पण तू तिची इतकी हुबेहूब हाक मारलीस की जरा धास्तीही वाटायची. म्हटलं, हिला काही बोलावं तर आई रागवायची.”

सासूबाईंना हसावं की भांडावं कळेना. त्यांनी दोन्ही एकदम केलं. बाबा सुनेकडे वळले. “माझ्या आईचा आवाज तेव्हाच गेला, सूनबाई. तू काही पुसलं नाहीस. उलट आज पहिल्यांदा यावर सगळ्यांचे आवाज स्वतःचे म्हणून आलेत. तुझा, हिचा, पिटुकलीचा. आता ही कोणी बिघडवायची नाही.” त्यांनी खिशातून किल्ली काढून तिचं टोक पहिल्या चकतीखाली घातलं. कट्ट.

“थांब, थांब!” डिस्को ओरडला. मघापासून तो गप्प बसून कसलातरी हिशोब करत होता. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. “म्हणजे ती शिंक वहिनींची? आणि मी जन्मभर वाकून टाळ्या घेतोय? अरे, निदान एकदा तरी मला खरी शिंकू दे त्याच्यात! वहिनी, तपकीर, मिरपूड, काही आहे का घरात?”

“मिरपूड आहे,” सून म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे धावली. परत आली तेव्हा डिस्को डोळे मिटून, नाक वर करून, शिंकेच्या अगदी काठावर उभा होता. तिने बरणी पुढे केली. त्याने हुंगलं. मशीन फोडून टाकील अशी, खरीखुरी, तरुणपणीची शिंक आली. मधल्याने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

“झाली ना रेकॉर्ड?” डिस्कोने डोळे पुसत विचारलं.

बाबांनी तळहात उघडला. त्यात तोडलेल्या दोन्ही चकत्या होत्या.