जमिनीवरचं उड्डाण

गावाबाहेरच्या माळावर एक विमान क्लब होता आणि त्या क्लबकडे एक विमान होतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. कारण क्लबचा कारभार पाहून कुणाला तसा संशय येण्याचं कारण नव्हतं.

विमान दोन माणसांचं, पांढरं, कडेनं निळा पट्टा ओढलेलं. गवताची धावपट्टी होती. तिच्या टोकाला खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी कापडी पिशवी होती. पत्र्याची शेड होती आणि शेडला लागून क्लबघर. क्लबघरात एक लांब टेबल, भिंतीवर विमानांच्या तसबिरी आणि खिडकीशी अध्यक्षांची खुर्ची. तिच्यात दुसरं कुणी बसत नसे, अध्यक्ष गावाला गेले असले तरी. सभासद पुष्कळ. प्रत्येकाला चामडी जाकीट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि काळा चष्मा. जाकीट भर उन्हाळ्यातही काढायचं नाही असा ठराव झाला होता, त्यामुळे सगळे घामानं निथळत शिस्तीत बसलेले असत. यांतल्या कुणी कधी विमान उडवलंय का, असं विचारणं क्लबात असभ्यपणाचं समजलं जाई.

दर रविवारी सकाळी विमान शेडबाहेर ढकललं जाई. सगळे मिळून ढकलत, कारण ढकलतानाचा फोटो चांगला येतो. मग हवामान समिती खांबाखाली जाऊन वर बघे. पिशवी फुगलेली असली तर वारा आहे, म्हणून उड्डाण नाही. पिशवी लोंबत असली तर वाऱ्याची दिशा कळत नाही, म्हणून उड्डाण नाही. ढग असले तर ढग आहेत, आणि नसले तर ऊन डोळ्यांवर येतं. निर्णय झाला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडे, पण तोंडानं "च्च, आज काय मजा आली असती" असं म्हणत ते विमान पुन्हा आत ढकलत आणि नाश्त्याला बसत. नाश्ता कुठल्याही हवामानात होत असे.

असा सगळा सुखाचा संसार चालला असताना या क्लबात भूगोलाच्या बाई आल्या.

बाईंनी गावच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. व्यापारी वारे, मोसमी वारे, डोंगराला धडकून वर चढणारे वारे, सगळे फळ्यावर खडूनं बाण काढून. निवृत्त झाल्या, नवरा आधीच गेलेला, घरी मुलगा-सून आपापल्या कामात. एक दिवस त्यांच्या मनात आलं, ज्या वाऱ्यांचे आपण एवढे बाण काढले ते एकदा वरून बघावेत. दुसरं काही नाही. त्या क्लबात गेल्या, वर्गणी भरली आणि कप्तानाच्या मागे लागल्या. कप्तान म्हणजे क्लबचा शिक्षक. तरुणपणी तो खरोखरीच विमान उडवायचा, हल्ली फक्त पगार उचलायचा. बाईंनी भुणभुण लावून त्याला असं काही पिडलं, की इंजिन तपासायच्या नावाखाली तो त्यांना आडवारी गुपचूप वर नेऊ लागला. बाई चढायला शिकल्या, वळायला शिकल्या, उतरायला शिकल्या. राहिलं होतं एवढंच: एकटीनं वर जायचं, एक फेरी मारायची आणि उतरायचं. ती मारली की परवाना. पण त्या फेरीला समितीची परवानगी लागत होती, आणि तिथं घोडं अडलं होतं.

त्यात डॉक्टर. तो बाईंचाच जुना विद्यार्थी आणि क्लबचा सभासद. बाईंचे डोळे तपासून तो बराच वेळ हात पुसत राहिला.

"बाई, डोळ्याचा पडदा अधू होत चाललाय. याला ऑपरेशन नाही. यंदाचं प्रमाणपत्र देतो मी. पुढच्या वर्षी मागू नका. मला तुम्हाला नाही म्हणवणार नाही."

म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही. बाई तडक अध्यक्षांकडे गेल्या.

अध्यक्ष फरश्यांचे मोठे व्यापारी. शाळेत वाऱ्यांच्या धड्यावर त्यांना भोपळा मिळाला होता. हल्ली हवामान समितीचंही अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतं.

"बसा बाई. चहा सांगू?"

"चहा नको रे. मला एक फेरी मारू दे."

"अहो, तुम्हाला कोण नाही म्हणतंय? तुमच्यासाठी जीव टाकू आम्ही. पण यंदा नको." त्यांनी आवाज खाली आणला. "यंदा विमान खात्याची सुरक्षा ढाल आपल्याला मिळतेय. इतकी वर्षं एकही अपघात न झालेला दुसरा क्लब नाही."

"अपघात होईल कुठून? विमान उडतंय कुठं?"

"तेच तर म्हणतोय मी," अध्यक्ष खूश होऊन म्हणाले. "खात्याच्या साहेबांना हे समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. तुम्हाला लगेच पटलं. शेवटी बाई त्या बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला. पण एवढ्यावर भागलं नाही. ढाल द्यायची तर क्लबनं निदान थोडंफार उड्डाण केलेलं असावं, अशी एक क्षुल्लक अट साहेबांनी मध्येच काढली. अध्यक्षांची झोप उडाली. तेव्हा सचिव पुढं सरसावले. सचिवांनी अख्खी हयात कचेरीत घालवली होती आणि न झालेलं काम झालेलं दाखवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी एका बैठकीत 'जमिनीवरचं उड्डाण' शोधून काढलं. व्याख्याही त्यांनीच वाचून दाखवली: ज्या उड्डाणात विमानाची चाके सुरक्षिततेच्या कारणास्तव संपूर्ण काळ जमिनीस टेकलेली राहतात, असे उड्डाण. ठराव एकमतानं मंजूर झाला.

मग काय विचारता. ज्यांनी जन्मात विमानाचं दार उघडलं नव्हतं ते रांगा लावून उभे राहिले. इंजिन सुरू करायचं, धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत जायचं, परत यायचं, खाली उतरून घाम पुसायचा. खाली बायकामुलं हात हलवायला उभी असत. सोनाराला उतरल्यावर चक्कर आली, तर ती हवा विरळ झाल्यामुळे आली असं डॉक्टरानं सांगितलं. एकाच्या कानांना दडे बसले. धावपट्टीच्या मध्ये एक छोटासा उंचवटा होता. त्याच्यावरून जाताना विमानानं एकदा टुणकन उडी मारली, तेव्हा आत बसलेला दुधवाला आठवडाभर अंथरुणाला खिळला. क्लबनं तातडीची सभा घेऊन उंचवटा सपाट करून घेतला. तरीही धोका नको म्हणून विमानापुढं लाल निशाण घेतलेला माणूस चालवायचं ठरलं. त्याच्यापेक्षा जोरात विमान न्यायचं नाही. त्याच्या गुडघ्याला सूज होती.

या सगळ्यावर कळस म्हणून अध्यक्ष बाईंच्या घरी आले.

"बाई, तुमचं काम झालं. ढालीच्या समारंभात साहेबांसमोर तुमची एकटीची फेरी ठेवलीय. जमिनीवरचीच, पण सगळ्यांच्या देखत. उतरलात की परवाना आणि पुष्पगुच्छ."

"उतरायचं कुठून? जमिनीवरून जमिनीवर?"

"बाई, तुम्ही फार खोलात जाता."

ते गेल्यावर सून स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "आई, हो म्हणून टाका. परवाना हातात पडल्याशी कारण. चाकं टेकली होती की नव्हती, कोण बघायला येतंय?"

"मी असणार आहे ना तिथं," बाई म्हणाल्या.

सून आत गेली. भांडी आवरून झाल्यावर पुन्हा येऊन म्हणाली, "त्या दिवशी मी गच्चीवर उभी राहते. तुम्ही वर आलात, तर दिसेन." बाईंना गलबलून आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अध्यक्षांना होकार कळवला.

समारंभाला सगळं गाव लोटलं. शामियाना, गालिचे, मधोमध साहेब, साहेबांपुढं ढाल आणि सँडविचची बशी. निशाणवाल्याला सचिवांनी त्या दिवशी रजा दिली होती, कारण तो फोटोत मध्ये मध्ये येत असे. बाई विमानात बसल्या. कप्तानानं दार लावलं आणि इकडंतिकडं बघून पुटपुटला, "उजवीकडून वारा आहे जरासा. आणि मला काही माहीत नाही."

विमान रमतगमत पलीकडच्या टोकाला गेलं आणि वळलं. अध्यक्ष ध्वनिक्षेपकावर सांगत होते की आता बाई तितक्याच सुरक्षितपणे परत येतील. बाईंनी एक श्वास घेतला आणि इंजिनाला पूर्ण जोर दिला. गवत मागं पळू लागलं, चाकांची खडखड वाढत गेली आणि मग एकदम थांबली.

बाई वर होत्या. खाली शाळेचं कौलारू छप्पर सरकलं, नदीचं वळण आलं, घर आलं. गच्चीवर सून पलंगावरची चादर दोन्ही हातांनी फडकावत होती. पलीकडं शेतांवरून वारा चालला होता आणि पिकं त्याच्याबरोबर वळत, थांबत, पुन्हा वळत होती. बाई बघत राहिल्या. आपण जन्मभर बाण सरळ काढले, आणि हा तर कुठंच सरळ जात नाही. त्या मोठ्यानं हसल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी येऊ दिलं. इतका आनंद त्यांना कुठल्याच गोष्टीचा झाला नव्हता, लग्नाचा नाही, की पहिल्या पगाराचा नाही.

खाली पहिला क्षणभर सगळे माणसांसारखे वागले. तोंडं वर झाली, टाळ्या पडल्या, अध्यक्षांच्या बायकोनं "अगं बाई" म्हणून पदर तोंडाला लावला, डॉक्टर तर खुर्चीवर चढून ओरडला. मग सचिव भानावर आले. विमान वर असेल तर ते खाली येणार. खाली येताना काहीही होऊ शकतं. काही झालं तर ढाल गेली. आणि काही झालं नाही, तरी बिनपरवानगीचं उड्डाण झालं म्हणून ढाल गेलीच. तेव्हा विमान वर नाही, हाच एक मार्ग शिल्लक होता.

"कुणी बघू नका," ते दबक्या आवाजात म्हणाले.

अख्ख्या शामियान्यानं पाठ फिरवली. साहेबांनी एका हातानं ढाल पुढं केली, दुसऱ्या हातानं सँडविच उचललं आणि नजर बशीतून हलवली नाही. फोटो निघाला. फोटोत मागं, सगळ्यांच्या डोक्यांवर, निळ्या पट्ट्याचं विमान आहे. ते नंतर कापून टाकण्यात आलं.

बाई अलगद उतरल्या. त्यांच्याकडं कुणी आलं नाही. कप्तान तेवढा चाकांपाशी वाकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "झकास."

पुढच्या रविवारी सभा भरली. बाई उभ्या राहिल्या. परवान्यासाठी आता नियम एवढाच उरला होता, की फेरी मारताना बघितल्याची एकाची तरी साक्ष हवी.

"मला सत्कार नको, काही नको," बाई म्हणाल्या. "तुमच्यातल्या एकानं सांगा, की हो, बाई उडाल्या."

कप्तान म्हणाला, त्या वेळी तो बुटाची नाडी बांधत होता. साहेबांचा निरोप होता, की माणूस एक तर जेवतो नाहीतर वर बघतो. बाईंनी डॉक्टरकडं पाहिलं. त्याच्या वडिलांच्या आजारपणात त्याला त्यांनी महिनाभर आपल्या घरी ठेवून परीक्षेला बसवलं होतं.

"माझा चष्मा काळा होता, बाई," डॉक्टर टेबलाकडं बघत म्हणाला.

"माझी सून होती गच्चीवर. तिनं बघितलंय."

"नात्यातली साक्ष चालत नाही," सचिव हळहळून म्हणाले.

बाई एकेका चेहऱ्याकडं बघत गेल्या. सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले. वर्गात काच फुटली की निदान एखादं कार्टं तरी रडत उभं राहायचं. इथं कुणी रडतही नव्हतं. बाईंना राग आला नाही. त्यांना लाज वाटली, आणि ती त्यांच्या एकटीच्या वाट्याला आली.

त्याच सभेत विमानाचे पंख काढून भिंतीवर लावायचं ठरलं. जमिनीवरच्या उड्डाणात त्यांची अडचणच होत होती, आणि शेडमध्ये जागाही झाली. सभासद दुप्पट वाढले.

क्लब मात्र अगदीच निष्ठुर नव्हता. सचिवांनी एक सवलत ठेवली: वर्ष संपायच्या आत सभासद नसलेल्या, नात्यात नसलेल्या, पण सगळी हकिकत पहिल्यापासून ठाऊक असलेल्या एखाद्या माणसानं सभेत येऊन सांगितलं, तर विचार करता येईल. वर्ष संपत आलंय. बाईंनी गावभर हिंडून पाहिलं. मग त्यांना तुमची आठवण झाली.

तुम्ही क्लबचे सभासद नाही. बाईंच्या नात्यातले नाही. सगळं तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे, आणि मघाशी चाकांची खडखड थांबली तेव्हा तुम्हाला बरंही वाटलं होतं. फार काही करायचं नाही. येत्या रविवारी क्लबात यायचं, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि "हो, बाई उडाल्या" एवढंच म्हणायचं.

काय म्हणालात? या रविवारी जरा अवघड आहे?

बरं. सांगतो तसं बाईंना.