न पेटणारा अ‍ॅम्प्लिफायर

"यंदा हा अ‍ॅम्प्लिफायर कुणीही पेटवून दाखवावा," असं फ्यूजमामांनी थोरल्या बहिणीला छातीठोकपणे सांगितलं.

"कुणी कशाला? मागच्या वर्षी तूच दाखवलास की," ताई म्हणाल्या.

मागच्या वर्षी ताईंच्या नृत्यवर्गाच्या कार्यक्रमात मामांनी जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून आधी गाणं आलं, मग वास आला आणि शेवटी धूर. तोपर्यंत ते नुसतेच मामा होते. इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाला फ्यूज म्हणणं म्हणजे वैद्याला ताप म्हणण्यासारखंच. पण वर्गातल्या पोरींनी ठेवलेलं नाव दुकानातल्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचलं होतं. ते एकदाचं पुसावं, एवढीच मामांची इच्छा होती. त्यात ताईंनी बजावलेलं, "ही शेवटची संधी. पुन्हा बंद पडला तर मी भाड्याने आणणार."

म्हणून मामांनी नवा अ‍ॅम्प्लिफायर अगदी पोटच्या पोरासारखा वाढवला. आत उष्णता ओढून घ्यायला अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा मोठा हीटसिंक. ती उष्णता बाहेर जायला झाकणावर जाळी. आणि एवढं करूनही तापलाच, तर एक चिमुकला स्विच टक् करून स्पीकरची जोडणी तोडणार आणि निवल्यावर पुन्हा जोडणार.

"म्हणजे दमला की हा आपणहून बसतो," मामांनी बायकोला समजावलं.

"तुमच्यावर गेलाय," मामी म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मामा वायरी ओढण्यात गुंतले होते, तेव्हा मामींनीच अ‍ॅम्प्लिफायर विंगेतल्या अंधारात टेबलावर नेऊन ठेवला. पहिला नाच झकास झाला. दुसऱ्या नाचात पोरी एक पाय उचलून गिरकी घेणार, तेवढ्यात टक् झालं आणि गाणं गेलं.

वर्गात ताईंची शिस्त अशी, की गाणं थांबलं की असाल तिथे थांबायचं. पोरी एका पायावर बगळ्यांसारख्या उभ्या राहिल्या. लोकांना वाटलं, नाचच असा बसवलाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने पुन्हा टक् झालं, गाणं आलं आणि पोरींनी दुसरा पाय टेकला.

विंगेत ताईंनी मामांना गाठलं.

"जादा भार आलाय," मामा म्हणाले आणि स्पीकरच्या वायरीच्या मागे धावले. ती वायर गेली होती बाहेरच्या व्हरांड्यात. तिथे ताईंच्या यजमानांनी घरचे दोन स्पीकर परस्पर जोडून ठेवले होते.

"भावजी, हे काय?"

"उशिरा येणाऱ्यांना ऐकू नको यायला?"

"अहो, एका बैलाला दोन गाड्या जुंपल्यात तुम्ही."

"बैल घरचाच आहे ना?" भावजी शांतपणे म्हणाले.

मामांनी ते स्पीकर काढले आणि निर्धास्त झाले. तिसऱ्या नाचात पुन्हा टक्. पोरी पुन्हा बगळे. या वेळी टाळ्या तुरळक होत्या आणि मागून कुणाच्या तरी आजोबांनी विचारलं, "ह्या मधूनमधून रुसतात का?"

मामांनी आवाज कमी केला. मग पोरींना गाणं ऐकू येईना आणि अर्ध्या पोरी अर्ध्या पोरींचं बघून नाचू लागल्या. मामांनी हॉलच्या व्यवस्थापकाच्या खुर्चीमागचा पंखा मागून आणला आणि अ‍ॅम्प्लिफायरवर सोडला. त्या वाऱ्याने रंगमंचावरच्या पुठ्ठ्याच्या झाडाची सगळी पानं उडाली. पण आतला स्विच टक् करायचा तो करतच राहिला.

"भाड्याचा," ताई जाता जाता कानाशी म्हणाल्या. एवढंच.

मामांनी हताश होऊन अ‍ॅम्प्लिफायरवर हात ठेवला. हाताला मऊ लागलं. अ‍ॅम्प्लिफायर गरम असू शकतो, फार तर थंड असू शकतो, मऊ नसतो. त्यांनी टॉर्च लावला. काळ्या जाड कापडाचं, आतून अस्तर लावलेलं, कातडीसारखं घट्ट बसलेलं कव्हर! बटणांना काजं, वायरींना वाट आणि कडेने बारीक पांढरी वेल भरलेली. फक्त वरची जाळी तेवढी पक्की झाकलेली.

मामींच्या घरात टीव्हीला, मिक्सरला, शिलाई मशीनला, एवढंच काय, गॅसच्या टाकीलाही कव्हर होतं. मामांच्या हातच्या वस्तूला मात्र इतक्या वर्षांत कधी चिंधीसुद्धा मिळाली नव्हती. तो सगळा पसारा, असं मामींचं मत. यंदा प्रथमच त्यांनी नवऱ्याच्या पसाऱ्याला घरच्या माणसांत घेतलं होतं, आणि तेही गुपचूप, वेलबुट्टी काढून.

मामांनी कव्हर हळूच सोडवलं, घडी घालून शर्टाच्या आत सरकवलं. पुढचे सगळे नाच एकदाही न अडता पार पडले.

पडदा पडल्यावर ताई आल्या. मागे पोरींच्या वेण्या सोडवत मामी होत्या.

"काय झालं होतं रे?"

मामांच्या पोटाशी कव्हर अजून उबदार होतं. ते बाहेर काढलं असतं तर एका क्षणात सिद्ध झालं असतं, की अ‍ॅम्प्लिफायर अव्वल आहे; गोधडी पांघरून नाचवला तरी पेटला नाही. मामी तोंडात पिना धरून त्यांच्याकडे बघत होत्या.

"चूक माझीच, ताई," मामा म्हणाले. "उष्णतेचा अंदाज चुकला."

"वाटलंच," ताई म्हणाल्या. "मग पुढच्या वर्षी भाड्याचा."

घरी जाताना स्कूटरवर मामी अ‍ॅम्प्लिफायर मांडीवर घेऊन मागे बसल्या.

"कव्हर कुठे गेलं हो?"

"लोकांचे हात लागून मळेल म्हणून काढून ठेवलं."

"बरं केलंत." त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरवर पदर पांघरला. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. पण एवढं सगळं केलंत, तर हवा जायला कुठे वाट नको होती का ठेवायला? ती वरची जाळी ठेवलीत, तिच्यातून नुसती धूळ जाते."

"हो," मामा म्हणाले.

"साधी गोष्ट असते. मला विचारत जा जरा."