अंजूच्या गिटारला पाचर

वणीत माझ्या दुकानासमोरून कोळशाचा ट्रक नुसता गेला, तरी त्याचा कोणत्या चाकावरचा पाटा तुटलाय ते मी चहाचा कप खाली न ठेवता सांगतो! चोवीस वर्षं ट्रकच्या कमानीचे पाटे बसवतोय. उकंडा मिस्त्रीपासून लोखंड काही लपवत नाही. त्यामुळे आमच्या अंजूच्या गिटारचं दुखणं कळल्यावर मी हातावर हात ठेवून बसणं शक्यच नव्हतं.

अंजू आमची एकुलती एक. संघदीपच्या गायन पार्टीत ती गिटार वाजवते. बुद्ध पौर्णिमेला पांढरकवड्यात तिचा पहिला कार्यक्रम होता. गिटार विजेवरची, पण जुन्या घाटाची. आदल्या दिवशी ती संघदीपशी फोनवर बोलत होती आणि मी शेजारी जेवत होतो.

"दादा, तार छेडली का आवाज लगेच मरते! चार सेकंदबी टिकत नाही!"

मी ताट बाजूला सारलं. पोरीचा पहिला कार्यक्रम, आणि आवाज चार सेकंदांत मेलेला!

सकाळी अंजू विहारात सजावटीला गेली. पार्टीची गाडी चार वाजता निघणार होती. म्हणजे वेळच वेळ! मी गिटार पालथी घातली आणि पाठीवरचं झाकण खोललं.

काय सांगू तुम्हाला! आत स्प्रिंगा! तारा ज्या लोखंडी पट्टीवर टेकतात तिला ब्रिज म्हणतात, हे मला मोबाईलनं सांगितलं. तो ब्रिज लाकडावर घट्ट बसलेलाच नव्हता. पुढून तारा त्याला ओढत होत्या, मागून स्प्रिंगा, आणि मधे तो अधांतरी! बाजूची दांडी दाबली की डुलायचा. वाद्याला कमान असते हे मला पन्नाशीत कळलं! मी बायकोला, पंचफुलाला, स्वयंपाकघरातून ओढतच आणलं.

"पाह्य वं, हा तर ट्रकच हाये!"

"मले तर गिटारच दिसून राह्यली."

"स्प्रिंगा अडकवायचे आकडे मोज. पाच! आता स्प्रिंगा मोज. तीन! दोन गायब! ठगवलं आपल्या पोरीले!"

आता आमच्या धंद्यात गाडी मागून बसली की एक पाटा वाढवायचा, विचार करायचा नाही. मी दुकानातून ब्रेकच्या दोन दणकट स्प्रिंगा आणून अडकवल्या. ब्रिज खाडकन खाली बसला आणि सहाच्या सहा तारा किंचाळायच्या बेतात आल्या! मग मागचे स्क्रू ढिले करून ब्रिज पुन्हा उचलला आणि एकेक तार सुरात लावायला घेतली. पंचफुला मोबाईलवर सूर बघत होती.

"पयली लागली. आता दुसरी वर घ्या. घ्या, घ्या… लागली! अवो, पण पयली पुन्हा उतरली!"

पहिली लावली की दुसरी बिघडे, दुसरी लावली की पहिली! तासाभरानं डोक्यात उजेड पडला. एक तार ओढली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच ढिल्या पडतात!

"कोणी लढवलं असन हे डोकं!" मी म्हणालो.

"तुमचं डोकं चालवा. पोरगी येईन आता."

शेवटी चढावर थांबलेल्या ट्रकला जे करतो तेच करायचं ठरवलं. पाचर! ब्रिजमागच्या पोकळीत पाचर मारली की तो हलणार कसा? आधी टायरचं रबर घातलं. तार छेडली, तर नुसतं 'ठप'! रबरानं आवाज खाल्ला. मग सागवानाचा तुकडा तासला, हातोडीचे चार घाव घातले, सगळ्या तारा सुरात लावल्या आणि पुन्हा एक छेडली.

"पाच… सहा…" पंचफुला मोजू लागली. "आठ… अवो, अजून हाये! दहा… अकरा!"

अकरा सेकंद! रबर आवाज खातं आणि सागवान तो सांभाळतं, हे कसं काय? मी गिटारच्या लाकडाला कान लावला. आवाज संपल्यावरही आत काहीतरी गुणगुणत होतं. मी पंचफुलालाही कान लावायला सांगितलं. दोघं दोन बाजूंनी गिटारला कान लावून बसलो असताना अंजू आली.

"काय करून राह्यले तुमी दोघं?"

"वाजव!" मी गिटार तिच्या हातात दिली.

तिनं वाजवली. पहिला सूर संपेना, त्यावर दुसरा चढला, त्यावर तिसरा. तिनं दांडी दाबली. दांडी जागची हलेना.

"कोणी केलं हे?"

"तुह्या बापानं! चारचे अकरा सेकंद केले! दोन स्प्रिंगा गायब होत्या, त्याबी बसवल्या!"

"गायब नव्हत्या, बाबा! म्याच काढल्या होत्या!"

"पण तू तर संघदीपले सांगत होती, आवाज मरते म्हणून…"

"खुशीत सांगत होती! दोन महिने अशी गिटार शोधली म्या! ढोलकीच्या दोन थापांच्या मधात सूर मेला पाह्यजे, नाहीतर खिचडी होते! चार सेकंदबी जास्त होतात!"

मी पाचर काढायला धावलो. पण सागवान आणि त्यावर माझी हातोडी! ट्रक असता तर गॅसकटर लावला असता. साडेतीन वाजले. अंजूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रबरानं आवाज खाल्ला होता," मी चाचरत म्हणालो. "ते घालू का?"

अंजूनं डोळे पुसले. "रबर नाही. पण तारांखाली मऊ काही घातलं तर? आई, कपडा दे."

पंचफुलानं टॉवेल आणला, तो जाड. ओढणी आणली, ती सटकली. मग मायलेकी दोघींनी एकदम माझ्या छातीकडे पाहिलं.

"काढा," पंचफुला म्हणाली.

माझ्या बनियनची पट्टी कापून, घडी करून, ब्रिजजवळ तारांखाली सरकवली. टन्! एक, दीड… संपला!

"बाबा!" अंजू ओरडली. "हे तर आधीपेक्षाबी चांगलं हाये!"

संध्याकाळी कार्यक्रम काय रंगला म्हणता! थाप पडायची, तेवढ्यात अंजूचा सूर टपकन येऊन जायचा. पहिल्या रांगेत, अंगाला चिकटलेल्या पांढऱ्या शर्टात बसून मी घळाघळा रडत होतो. लोकांना वाटलं, घाम.

कार्यक्रम संपताच दुसऱ्या पार्टीचा गिटारवाला रूपसिंग धावत आला. "ताई, असा सुका आवाज काढला कसा? माह्यी गिटार तर बंदच होत नाही!"

"बाबांनी सेटिंग केली," अंजू म्हणाली.

माझी छाती फुगली. स्प्रिंगा, सागवान, सगळं सांगायला मी तोंड उघडणार, तोच रूपसिंगनं तारांखाली बोट घातलं आणि पट्टी चिमटीत धरली. भोवती दहाबारा माणसं जमली होती.

"हे बनियन हाये?" त्यानं मोबाईल काढला. "कोणत्या कंपनीचं?"



"कंपनी कोणतीबी चालते," मी शर्टाचं वरचं बटण लावत म्हणालो. "पण तीन वर्षं घातलेलं पाह्यजे. नव्यानं नाही होत."

रूपसिंगनं गंभीरपणे मान डोलावली आणि तेही लिहून घेतलं!