ज्यादा हजेरीचा अपराध

करवीर ज्ञानवर्धिनी विद्यापीठाने गुरुसिद्ध भीमाप्पा हत्तरकी या विद्यार्थ्याची नोंदणी रद्द केली, तेव्हा तो वर्गात पहिल्या बाकावर बसलेला होता. साल चौऱ्याहत्तर. फलकावर लागलेल्या सूचनेत कारण स्वच्छ दिले होते : ‘सदर विद्यार्थ्याची वार्षिक उपस्थिती शंभर टक्क्यांहून अधिक भरत असल्याने ती परिनियमांस धरून नाही.’

हे वाचून कुणी हसू नये. असतील तेवढ्या तासांपेक्षा जास्त तास हजर राहणे हे फक्त परमेश्वराला साधते, आणि त्याने अद्याप विद्यापीठात प्रवेश घेतलेला नाही.

गुरुसिद्ध हा नेसरीचा. अभ्यास बेताचा, पण निष्ठा अशी की कीर्तनात बुवा येण्याआधी सतरंजीवर जाऊन बसणाऱ्यांपैकी. वर्गातही तसाच. परीक्षा तोंडावर आली होती आणि नेसरीच्या शाळेत इतिहासाच्या मास्तराची जागा त्याच्यासाठी धरून ठेवलेली होती, एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशी. असा रुमाल किती वेळ टिकतो, हे उभ्याने प्रवास केलेल्यांना सांगायला नको.

ही ज्यादा हजेरी आली कुठून, याचा शोध विद्यापीठाने घेतला नाही, कारण परिनियमात शोधाची तरतूद नव्हती. तो गुरुसिद्धाने घेतला. शोध वसतिगृहातल्या त्याच्याच खोलीत, शेजारच्या खाटेवर लागला. तिथे चंदगडचा दस्तगीर पालथा झोपला होता.

“दस्तगीऱ्या, तू माझ्या नावाला ‘हजर’ म्हणतोस?”

“म्हणजे काय! रोज म्हणतो की,” दस्तगीर उशीतूनच म्हणाला. “खोलीतल्या गड्याच्या नावाला आवाज द्यायचा न्हाई, तर दोस्ती काय लोणच्याला घालायची?”

“आरं पण मी रोज वर्गात असतो!”

“असशील. मी शेवटच्या बाकावर, खांबाच्या मागं. मला कुठं दिसतोस? आणि तू हाईस का न्हाईस हे बघत बसायचं म्हंजे दोस्तीत हिशेब आला, भावा.”

कोल्हापुरात हा रिवाज जुना आहे. प्राध्यापक मान खाली घालून नाव घेत, आवाज आला की खूण करीत. दोन आवाज आले तर दोन खुणा. आवाज मोजणे हे त्यांचे काम, माणसे मोजणे नव्हे. गुरुसिद्धाला तो मागचा आवाज ऐकू येई, नाही असे नाही. पण देवळात टाळी वाजवली की गाभारा ओ देतो, तसेच वर्गाच्या उंच छताचे असेल, असे त्या भाबड्याला वाटे. दस्तगीरची स्वतःची उपस्थिती मात्र फारच कमी भरली, कारण स्वतःच्या नावाला तो झोपलेला असे. त्याबद्दल त्याला विद्यापीठाने क्षमापन दिले. कमी उपस्थितीला क्षमा आहे. ज्यादा उपस्थितीला नाही.

गुरुसिद्ध कचेरीत गेला. तिथले अधीक्षक हंबीरराव हे विद्यापीठाचा खरा कणा होते. कुलगुरू बदलत, हंबीररावांची खुर्ची बदलत नसे. कालपर्यंत ते त्याला ‘काय रे पोरा’ म्हणत. आज उठून उभे राहिले.

“या पावणं, बसा.”

‘पावणं’ ऐकताच गुरुसिद्ध बसता बसता थांबला. “साहेब, मी विद्यार्थी हाय.”

“व्हतासा. आता बाहेरचं मानूस. चहा घ्या.”

“माझं नाव काढलंय. मी काय करू शकतो?”

“लई करू शकतासा!” हंबीरराव आनंदाने म्हणाले. “फेरविचार समितीकडं अपील करा. हक्कच हाय.”

“मग करतो.”

“करा. फकस्त ते विद्यार्थ्यालाच करता येतं.”

“मी विद्यार्थी न्हाई म्हणून तर अपील करायचं ना?”

“बरोबर. आणि विद्यार्थी न्हाई म्हणून करता येत न्हाई. दोन्ही नियम एकाच पानावर हाईत, एकमेकांशी भांडत न्हाईत. तुम्ही का भांडतायसा?” मग आवाज उतरवून त्यांनी वाट दाखवली, कारण माणूस मनाने प्रेमळ होता. “कुणी नोंदणी असलेल्या दोस्ताकडनं घाला. तुमच्या वतीनं त्याला चालतंय.”

अशा रीतीने गुरुसिद्धाच्या नावाला ओ देण्याचे काम कायदेशीरपणे दस्तगीरकडे आले.

सुनावणीच्या दिवशी गुरुसिद्ध गंध लावून, धुतलेला सदरा घालून आला. शिपायाने दारातच अडवले. समितीच्या दालनात बाहेरच्यांना मज्जाव होता. तेव्हा तो व्हरांड्यात खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला आणि त्याने आत पाहिले.

आत अध्यक्ष होते. हंबीरराव होते. दस्तगीर होता. बाकी रिकाम्या खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीपुढे चहाचा कप झाकून ठेवलेला होता. अध्यक्षांनी मान खाली घातली आणि सभासदांची हजेरी सुरू केली.

“प्राचार्य निंबाळकर.”

“हजर,” हंबीरराव भरदार आवाजात म्हणाले.

“डॉक्टर मगदूम.”

हंबीरराव आधी थोडे खोकले, कारण डॉक्टरांना दमा होता. मग म्हणाले, “हजर.”

“श्रीमती शांतादेवी.”

“हजर,” हंबीररावांनी आवाज बारीक केला आणि खांद्यावरचा उपरण्याचा पदर सावरला.

गणपूर्ती झाली. अध्यक्षांनी समाधानाने पुढचे नाव घेतले, “गुरुसिद्ध भीमाप्पा हत्तरकी.”

“हजर!” दस्तगीर ओरडला. जन्माची सवय.

“हजर!” खिडकीतून गुरुसिद्धही ओरडला. त्याचीही जन्माची सवय. शिवाय तो खरोखरच हजर होता.

अध्यक्षांनी प्रथमच मान वर केली.

“गुन्हा आमच्या समक्ष पुन्हा घडला आहे,” ते गंभीरपणे म्हणाले. “अपील फेटाळण्यात येत आहे. लिहा.”

गुरुसिद्ध गरीब स्वभावाचा. पण नेसरीच्या शाळेतला तो रुमाल त्याला डोळ्यांपुढे उडताना दिसला आणि त्याचा तोल गेला. गजांमधून तोंड आत घालून तो ओरडला, “साहेब, मी दोनदा हजर हाय म्हणून चोर, आणि तुमची मानसं एकदाबी न्हाईत ती साव व्हय? त्या शांतादेवी सुपारी कातरत्यात काय हंबीररावांच्या घशात बसून?”

दस्तगीर हसला. तेच नडले.

“समितीचा अवमान!” अध्यक्ष ताडकन उठले. “हाकला त्या खिडकीतल्याला विद्यापीठातून!”

“साहेब,” हंबीरराव अदबीने म्हणाले, “आधीच हाकललंय.”

“मग पुन्हा हाकला!”

“येत न्हाई. शिस्तभंगाची कारवाई विद्यार्थ्यावरच चालते. बाहेरचं मानूस समितीला काय वाट्टेल ते बोलू शकतंय. रस्त्यावरची मानसं रोज बोलत्यात, आपण काय करतो?”

अध्यक्षांनी विचार केला. बुद्धिमान माणसाने रागाच्या भरात केलेल्या विचाराला जी धार असते, ती त्याला होती.

“तर मग करा त्याला विद्यार्थी! आत्ताच्या आत्ता! हकालपट्टीच्या प्रयोजनार्थ!”

ठराव मताला टाकण्यात आला. भरदार आवाजात ‘मंजूर’ आले, एका खोकल्यामागून ‘मंजूर’ आले, बारीक आवाजातही ‘मंजूर’ आले. गुरुसिद्धाची नोंदणी एकमताने पूर्ववत झाली. शिपायाने धावत जाऊन दार उघडले. हंबीरराव आता त्याच्याकडे पाहून डाफरले, “काय रे पोरा, उन्हात काय उभारलास? आत ये की!”

त्या एकेरी हाकेने गुरुसिद्धाच्या डोळ्यांत पाणी आले. गुरूने कान धरून पंगतीत बसवावे, तसे त्याला झाले.

हकालपट्टीची बैठक पुढच्या आठवड्यात ठरली. मध्ये चैत्राची पुनव आली. हंबीरराव दरसालप्रमाणे जोतिबाच्या डोंगरावर गेले, गुलालात न्हाले आणि सासनकाठीपुढे ‘चांगभलं’ असे काही ओरडले की परतले ते घसा सोडून. बैठकीला अध्यक्षांनी सभासदांची नावे पुकारली. हंबीररावांनी तोंड उघडले. आत काहीच नव्हते. प्राचार्य गैरहजर, डॉक्टर गैरहजर, श्रीमती गैरहजर. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली. घसा सुटेपर्यंत परीक्षाही उरकली. गुरुसिद्ध पास झाला आणि नेसरीच्या शाळेत मास्तर झाला. तहकूब सभा पुन्हा भरवण्याची तरतूद परिनियमात नसल्याने हकालपट्टीचे प्रकरण अद्याप चालू आहे. ते निकाली निघेपर्यंत करवीर ज्ञानवर्धिनी विद्यापीठाचा तो एकमेव कायमचा विद्यार्थी आहे.

परवा नेसरीच्या मठात कीर्तन होते. मास्तर बुवांच्या आधी जाऊन बसलेले. त्यांना भेटायला आलेला दस्तगीर मागे खांबाला टेकून बसला होता. पूर्वरंग संपताना बुवांनी वीणा थांबवली आणि विचारले, “मंडळी, मन इथंच हाय नव्हं?”

“व्हय महाराज!” सारा मठ गर्जला. सगळ्यांत खणखणीत आवाज खांबामागून आला. दस्तगीर गाढ झोपेत होता. त्याच्या शेजारी एकीच्या मनात गॅसवरचे दूध होते, एकाच्या मनात भाऊबंदकीचा बांध. पण गजर असा झाला की बुवांनी डोळे मिटले आणि मंडळी मनाने इथेच असल्याची खूण, मला वाटते, वरच्या दरबारातही झाली असावी.

मास्तरांनी मागे वळून पाहिले आणि ते हसले. तुम्ही हसलात. हसायला तुमचे काय जाते म्हणा! ही गोष्ट वाचताना तुम्हीही मधूनमधून ‘हं, हं’ केलेत. ते मी ऐकले आणि तुमच्या नावापुढे खूण केली. आता एकदा खाली बघून घ्या : पुस्तक हातात धरून बसलेला, तो नक्की तुम्हीच ना?