डाव्या खोक्यातलं व्हायोलिन

एका जंगलात एक गाढव राहत होतं. मुलांनो, हसू नका, ते गाढव म्हणजे मीच.

गोष्टीत गाढव आलं की तुम्हाला वाटतं, आता हे ओझं वाहणार, नाहीतर कुणाला तरी लाथ मारणार. मी यातलं काही केलं नाही. मी संगीतावर व्याख्यानं दिली. ओझं वाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

आमच्या जंगलाच्या कडेला एक डाकबंगला होता. तिथला साहेब बदली होऊन गेला आणि जाताना रेकॉर्ड लावायचं एक यंत्र आणि चार रेकॉर्डी मागे ठेवून गेला. यंत्राला दोन खोकी होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. आवाज त्या खोक्यांतून यायचा. चारही रेकॉर्डी एकाच माणसाच्या संगीताच्या होत्या, फ्रान्स देशातल्या मस्यू, म्हणजे तिकडचे श्रीयुत, वोक्लेर यांच्या. पाकिटावर मस्यूंचा दाढीवाला फोटो होता आणि त्याखाली एका व्हायोलिनचं आणि एका पियानोचं चित्र होतं.

जंगलात चार रेकॉर्डी सापडल्या की काय करतात? मंडळ काढतात. 'वोक्लेर श्रवण मंडळ' निघालं. अध्यक्ष हत्तीणबाई. चिटणीस साळिंदर, आडनाव काटदरे. दर रविवारी सकाळी दहाला आधी परिचय, मग रेकॉर्ड, मग आभार, मग चहा. चहाला गर्दी जास्त असायची, पण ते सगळ्याच मंडळांत असतं.

पहिल्या रविवारी काटदऱ्यांनी सुई टेकवली. पियानो वाजू लागला. चार सूर वाजवायचा आणि थांबायचा, दाराशी उभं राहून कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. पुन्हा चार सूर, पुन्हा थांबायचा.

हत्तीणबाई म्हणाल्या, "अहो काटदरे, चित्रात तर व्हायोलिन आहे. ते कुठंय?"

आता मुलांनो, तुम्हाला म्हणून आत्ताच सांगून टाकतो. व्हायोलिन सगळं डाव्या खोक्यातून येणार होतं, आणि डाव्या खोक्याची तार खारूताईने बाळंतपणासाठी घरट्यात नेली होती. मऊ तार, रंगीत तार, तिला आवडली. पण हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले.

तेवढ्यात माझ्या कानावर माशी बसली. मी कान हलवला. देवाशपथ सांगतो, एवढंच झालं.

"यांना ऐकू येतंय!" काटदरे ओरडले. "बघा, बघा, कान कसा फिरला!"

मी म्हणायला हवं होतं की, बाबांनो, माशी होती. पण जन्मात पहिल्यांदा सगळं जंगल माझ्या कानांकडे आदरानं बघत होतं. एरवी त्याच कानांवरून किती टिंगल झालीय, ती माझी मला माहीत. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणालो, "येतंय तर! फार नाजूक आहे. त्याला तयारीचा कान लागतो."

हत्तीणबाईंचे कान माझ्यापेक्षा मोठे. त्यांना ऐकू न येऊन कसं चालेल? त्या म्हणाल्या, "हो हो, आता मलाही थोडं थोडं येतंय." मग सशाला आलं. मग माकडांना आलं. शेवटी कासवालासुद्धा आलं. त्याचे कान कुठे असतात ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवसापासून मी पंडितजी झालो.

सहा वर्षं, मुलांनो, सहा वर्षं मी त्या न वाजलेल्या व्हायोलिनवर बोललो. पाकिटावरचं फ्रेंच मला वाचता येत नव्हतं, त्यामुळे भाषांतर भरभर व्हायचं. 'व्हायोलिनचं मौन' नावाचं पुस्तक लिहिलं. पळसाच्या पानांवर काढलं. पळसाला पानं तीनच, म्हणून प्रकरणंही तीनच. त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि तिन्ही मीच वाटल्या.

तिसऱ्या रेकॉर्डीवर एक जागा होती. तिथे पियानो अजिबात थांबायचा आणि दोन मिनिटं नुसती सुईची खरखर ऐकू यायची. खरं तर तिथे व्हायोलिन एकटं वाजत असणार. आम्हाला काय कळतंय! मी त्या जागेवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. मग तशी पद्धतच पडली. ती दोन मिनिटं आली की सगळ्यांनी डोळे मिटायचे, श्वास हळू घ्यायचा, आणि शेवटी एकदम "आहाहा" करायचं. एकदा मोराला तिथे शिंक आली. त्याचं सभासदत्व गेलं.

त्या डाकबंगल्याच्या भिंतीत एक रातकिडा राहायचा. सहाव्या वर्षी, पावसाळा सरताना, एका बुधवारी भर दुपारी तो माझ्याकडे आला. दुपार म्हणजे त्याची मध्यरात्र. बिचारा डोळे चोळत उभा होता.

"पंडितजी, एक विनंती होती," तो म्हणाला. "मस्यूंच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम या रविवारी आहे ना? मला व्हायोलिनची बाजू वाजवायची आहे."

मी विचारलं, "तुम्ही कुठे शिकलात?"

"भिंतीत," तो म्हणाला. "साहेब होते तेव्हा रोज संध्याकाळी रेकॉर्ड लागायची. माझ्या खापरपणजोबांच्या वडिलांनी ती भिंतीत बसून ऐकली आणि बसवली. त्यांनी मुलाला शिकवली, त्याने त्याच्या मुलाला. आमच्यात एक पिढी म्हणजे एक पावसाळा. माझी सहावी पिढी. आम्ही दर रविवारी भिंतीच्या आतून हळूच वाजवतो. पण पियानोसमोर बसून आमच्या घराण्यात अजून कुणीच वाजवलेलं नाही."

"मग पुढच्या वर्षी बघू," मी म्हणालो. मंडळात हे वाक्य मला फार सफाईनं म्हणता यायचं.

"पुढच्या वर्षी कोण असणार, पंडितजी?" तो हसून म्हणाला. "दिवाळीपर्यंत काही मी राहत नाही. आणि यंदा मला शिष्य मिळाला नाही. पोरं सगळी बाहेर दिव्याखाली गर्दी करतात. मी गेलो की ही बाजू गेली. एकदा चारचौघांसमोर वाजवायचं आहे, बस्स."

मुलांनो, मी काही दगड नाही. म्हटलं, वाजवून तर दाखवा. मी तिसरी रेकॉर्ड लावली. तो मुक्या डाव्या खोक्यावर चढून बसला. उजवीकडून पियानो सुरू झाला, चार सूर वाजवून थांबला, आणि रातकिड्यानं पंखावर पंख ठेवला.

काय सांगू तुम्हाला! सहा वर्षं तो पियानो दाराशी उभा होता, आणि आज आतून कुणीतरी 'ओ' दिली. पियानो विचारायचा, हा सांगायचा. पियानो चिडायचा, हा समजूत काढायचा. ती दोन मिनिटं आली तेव्हा तो एकटाच वाजवत राहिला आणि माझे दोन्ही कान आपोआप ताठ उभे राहिले. या वेळी माशी नव्हती. मी रडलो, मुलांनो. मोठ्यानं रडायची सोय नाही, आमचं रडणं आणि ओरडणं एकच असतं, म्हणून गप्प रडलो.

रेकॉर्ड संपली. त्यानं विचारलं, "बरोबर आहे का, पंडितजी? आम्हाला सहा पिढ्यांत कुणी सांगितलेलं नाही, म्हणून विचारतो."

आणि मला माझं पुस्तक आठवलं. तीन प्रकरणं, तीन आवृत्त्या. हा वाजवू लागला तर रविवारी सगळे विचारतील, पंडितजी, सहा वर्षं तुम्ही ऐकत होता ते काय होतं?

मी घसा साफ केला. म्हणालो, "हात चांगला आहे. पण हे वोक्लेर नाही."

तो "बरं," म्हणाला, नमस्कार केला आणि भिंतीतल्या फटीत निघून गेला. गाढवाला गुळाची चव काय, असं लोक म्हणतात. चव कळते हो. चांगली कळते.

रविवारी पुण्यतिथीला डाकबंगला भरून गेला. माझं भाषण चाळीस मिनिटं चाललं. मग रेकॉर्ड लागली. ती दोन मिनिटं आली. सगळ्यांनी डोळे मिटले.

आणि डाव्या खोक्यावर व्हायोलिन सुरू झालं. तो आला होता. परवानगी नव्हती, तरी आला होता.

"कोण किरकिर करतंय रे!" माकडं खवळली. सशानं कान दाबून धरले. काटदऱ्यांचे काटे उभे राहिले. हत्तीणबाईंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पंडितजी, हे काय आहे?"

सगळं जंगल माझ्याकडे बघत होतं. रातकिडाही बघत होता, पण वाजवणं थांबवलं नव्हतं. मी नुसतं 'व्हायोलिन' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. एकच शब्द. त्याचं चित्र मस्यूंच्या पाकिटावरच छापलेलं होतं.

मी म्हणालो, "भिंतीतला रातकिडा आलाय. हाकला त्याला."

काटदऱ्यांनी एका काट्यानं त्याला खोक्यावरून खाली लोटलं. तसे ते प्रेमळ आहेत, जोरात नाही लोटलं. तो उठला, पंख झटकले आणि फटीत गेला. उरलेलं एक मिनिट सगळ्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि शेवटी "आहाहा" केलं. मीही केलं. मग चहा झाला.

दिवाळीच्या आधी खारूताईनं घर झाडायला काढलं. पोरं मोठी होऊन उडाली, म्हणजे उड्या मारत गेली. घरट्याच्या तळाशी ती तार निघाली. ती घेऊन खारूताई माझ्याकडे आली. "पंडितजी, ही तुमच्या खोक्याची ना? सहा वर्षं वापरली हो. फार ऊबदार आहे."

मी तार हातात, म्हणजे खुरात, धरून तसाच उभा राहिलो. मग धावत डाकबंगल्यात गेलो. सगळ्या भिंतीच्या फटींत हाका मारल्या. दाराच्या उंबऱ्याजवळ तो सापडला. उताणा पडला होता, पंखावर पंख होता.

मी तार जोडली. तिसरी रेकॉर्ड लावली. डाव्या खोक्यातून व्हायोलिन आलं. सुरासूर तेच. जिथे तो किंचित थांबला होता तिथे तेही थांबत होतं. सहा पिढ्यांत त्यांची एक श्रुती इकडची तिकडे झाली नव्हती. बरोबर आहे का, असं त्यानं मला विचारलं होतं.

मी ठरवलं, आता बास. येत्या रविवारी सगळं सांगून टाकायचं. तार जोडलेलीच ठेवली.

रविवारी रेकॉर्ड लागली आणि पहिल्या चार सुरांनंतर व्हायोलिन निघालं. काटदरे उडालेच. "परत रातकिडा! पंडितजी, खोक्यात शिरलाय वाटतं!"

मी उभा राहिलो. म्हणालो, "थांबा. रातकिडा नाही. हेच व्हायोलिन आहे. डाव्या खोक्याला तार नव्हती. सहा वर्षं आपल्याला काहीही ऐकू येत नव्हतं. मलाही नाही. त्या दिवशी माझ्या कानावर माशी बसली होती. तो रातकिडा बरोबर वाजवत होता आणि ते मला माहीत होतं. मी खोटं बोललो. मी गाढव आहे."

मग हत्तीणबाईंनी डोळ्यांतलं पाणी सोंडेनं पुसलं.

"केवढी ही नम्रता!" त्या म्हणाल्या. "एवढा व्यासंग, आणि स्वतःला गाढव म्हणवतात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माकडांनी मला हार घातला. मी ओरडत होतो, अहो, खरंच मी गाढव आहे, नीट बघा तरी! तसतशा टाळ्या वाढत होत्या. कासव शेजारच्याला म्हणालं, "थोर माणूस." मग हत्तीणबाईंनी विचारलं, "पण ती किरकिर तेवढी बंद करता येईल का?" काटदऱ्यांनी पुढे होऊन तार काढली आणि गुंडाळून खारूताईला देऊन टाकली. पुढचं बाळंतपण जवळ आलंच होतं. पियानो चार सूर वाजवून थांबला. सगळ्यांनी समाधानानं डोळे मिटले.

आणि खरं सांगू का, मुलांनो? मला हायसं वाटलं.

आता माझ्या पुस्तकाची चौथी आवृत्ती निघते आहे. नवं प्रकरण घातलंय, 'नम्रतेचं मौन'. चौथं पान कुठून आणायचं ते बघतो आहे. दर बुधवारी दुपारी मी डाकबंगल्यात जातो आणि माझा हा लांब कान त्या भिंतीला लावून बसतो. तासभर बसतो. आतून काहीही येत नाही. सहा वर्षं मी मौनावर व्याख्यानं दिली, पण मौन कसं असतं ते मला आता कळलंय. त्यावर मात्र मला एक ओळसुद्धा लिहिता येत नाही.

तात्पर्य : मुलांनो, संगीतावरचं मत नेहमी ऐकण्याआधी देऊन टाकावं. एकदा नीट ऐकलं की मत देणं फार जड जातं. आणि पुढे कधी आपण गाढव असल्याचा साक्षात्कार झालाच, तर तो चारचौघांत सांगायला हरकत नाही. कुणीही विश्वास ठेवत नाही.