साहेबांची मान

"चेहऱ्यामागचं कारस्थान वाचू शकणारा सध्या हयात असलेला एकमेव माणूस म्हणजे मी," असं भिंगनाना स्वतःबद्दल सांगतात, आणि सांगताना आवाज असा खाली आणतात, जणू बाकीचे सगळे नुकतेच वारले आहेत. नाना आमच्या कार्यालयाचं भांडार सांभाळतात. खिशात कायम भिंग. आजवर त्यांनी कार्यालयातल्या तीन भानगडी उलगडल्या; त्यांतल्या दोन त्यांनीच सुरू केल्या होत्या. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो, एवढ्या एका गुन्ह्याबद्दल त्यांचा मदतनीस झालो आहे.

यंदा प्रकरण माझंच होतं. उपप्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि शुक्रवारी नाव जाहीर होणार होतं. दावेदार दोन: मी आणि लेखापालबाई. सोमवारच्या बैठकीत मी साहेबांना चिकटून असलेली खुर्ची पटकावली आणि माझी योजना मांडायला घेतली. साहेबांनी मान मागे टाकली, नाक वर केलं आणि बुटाला काय लागलंय ते बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. मी योजना निम्म्यात आवरली.

मग टेबलाच्या पार टोकाला बसलेला विक्रीवाला म्हणाला, "पंखा फार आवाज करतो." साहेबांनी मान डोलावली. डोलावतच राहिले.

"तुझ्याविरुद्ध कट आहे," नानांनी बाहेर आल्यावर निदान केलं. "विक्रीवाला आतल्या गोटात शिरलाय. साहेबांचा चष्मा नवा आहे, पाहिलंस?"

"मग?"

"जुना धडधाकट असताना माणूस नवा चष्मा घेत नाही. त्याला तो मिळतो."

"आणि लेखापालबाई? त्या बोलल्या तेव्हा साहेब नुसतेच बघत होते."

"ना मान, ना नाक?" नानांनी हळहळून भिंग पुसलं. "संपली बिचारी."

बुधवारी विक्रीवाला रजेवर होता. त्याच्या खुर्चीवर कोणाचा तरी कोट टांगलेला होता. साहेबांनी कोटालाही मान डोलावली.

एखादा सामान्य गुप्तहेर इथे खचला असता. नानांनी सिद्धान्त फिरवला. "माणूस गौण आहे. मर्जी आहे ती जागेवर. उद्या तू टोकाला बस."

ही गोष्ट त्यांनी गुप्त ठेवायला आणखी सहा जणांना सांगितली. त्यामुळे गुरुवारी टेबलाच्या त्या टोकाला लग्नाच्या पंगतीसारखी रेटारेटी झाली. मी खुर्चीच्या एका कोपऱ्यावर बसून का होईना, योजना संपूर्ण मांडली. साहेब पहिल्या वाक्यापासून मान डोलावत होते.

लेखापालबाई मधल्या खुर्चीवर एकट्याच उरल्या होत्या. "बाई, इकडे सरका की," मी मोठ्या मनाने म्हणालो.

"मला इथेच बरं आहे," त्या म्हणाल्या. मला त्यांची दया आली.

संध्याकाळी घरी आईला म्हटलं, "मी उपप्रमुख होणार." आईने मान डोलावली. मला शंका आली. आईने माझं म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य केल्याची नोंद नाही.

"म्हणजे तुला पटलं?"

"काय पटलं? थांब जरा, तुझं तोंड सापडत नाहीये. दोन भागांचा चष्मा आहे हा नवा. वरून लांबचं, खालून जवळचं. सवय होईपर्यंत मान अशीच वर-खाली होणार म्हणाला चष्मेवाला."

मी तडक नानांना फोन लावून सगळं सांगितलं.

"आईंनाही तो विक्रीवाल्यानेच दिलाय का," नाना म्हणाले, "तेवढं विचारून घे."

शुक्रवारी लेखापालबाईंचं नाव जाहीर झालं. मी साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांच्या नाकावर जुना चष्मा होता.

"साहेब, काल मी टोकाला बसून योजना मांडली, तेव्हा आपण..."

"तू होतास होय तो?" साहेब म्हणाले. "आठवडाभर लांबचं सगळं धुकं आणि जवळचं सगळं वाकडं. टेबलाच्या मधलं तेवढं स्वच्छ दिसायचं. बाई रोज कामावर येतात, हे मी स्वतः पाहिलंय. बाकीच्यांचं मी कशावरून सांगू?"

बाहेर येऊन मी बाईंचं अभिनंदन केलं, आणि मधल्या खुर्चीचं मर्म त्यांनी कसं ओळखलं ते विचारलं.

त्यांच्या लॅपटॉपची वायर तिथवरच पुरते.