फोटो काढल्यावर अर्धा तास बसायचं

आमच्या वाडीत फोटो काढून घेतला की अर्धा तास बसावं लागतं. मोबाईलवरच्या सेल्फीचं नाही म्हणत मी. ते काय, लोक चालता चालता काढतात आणि चालता चालता पुसतात. मी सिस्टरनी काढलेल्या फोटोचं म्हणतोय. त्यांनी "झालं!" म्हटलं की आपण त्यांच्या पडवीतल्या बाकड्यावर बसायचं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. त्या चहा आणून देतात आणि मधूनमधून विचारतात, "चक्कर नाही ना? मळमळ? अंगाला खाज?"

"सिस्टर, फोटो काढलात हो. चक्कर कशाला येईल?" मी एकदा म्हटलं.

"नियम म्हणजे नियम. बस गप."

सिस्टर म्हणजे आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या निवृत्त नर्स. माझ्या शेजारीच एकट्या राहतात. रत्नागिरी-पावस रस्त्यावरच्या चार गावांत चौतीस वर्षं त्यांनी सुई चालवली. या टापूत त्यांनी एकदा तरी भोसकला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. त्यांचं पाळण्यातलं नाव काय, हे कोणी कधी विचारलंच नाही. सिस्टर म्हटलं की पुरे. लहानपणी आम्ही जेवताना नखरे केले की आई म्हणायची, "थांब, सिस्टरला हाक मारते." कारल्याची भाजीसुद्धा आम्ही मुकाट संपवायचो. खांद्याला लशीचा निळा डबा अडकवून त्या वळणावर दिसल्या, की अख्खी शाळा काजूच्या झाडांवर चढलेली असायची.

निवृत्त झाल्या, तेव्हा आम्ही मनातल्या मनात सुस्कारा सोडला होता. खोटं कशाला बोलू?

पण गेल्या मे महिन्यात त्यांचा मुलगा डोंबिवलीहून आला. आठ दिवस राहिला, आंबे खाल्ले, पेट्या बांधून घेतल्या आणि जाताना आपला मोठा कॅमेरा आईकडे टाकून गेला. "दोन वर्षं कपाटात पडून आहे, तूच वापर," म्हणाला. दुसरा कोणी असता तर त्याने तो इथल्या कपाटात ठेवला असता. सिस्टरनी दुसऱ्याच दिवशी मला हुकूम सोडला, "संज्या, रत्नागिरीत फोटो शिकवण्याचा वर्ग असतो म्हणे, शनिवारी दुपारी. शनिवारी तुझ्या ग्रामपंचायतीला सुट्टी. स्कूटर काढ."

मी ग्रामपंचायतीत लिपिक आहे. भल्याभल्यांना "उद्या या" म्हणून परत पाठवतो. पण सिस्टरसमोर माझी डाळ शिजत नाही. त्या दिसल्या की माझा डावा दंड आपोआप दुखायला लागतो.

तर आम्ही निघालो. मागे बासष्ट वर्षांच्या सिस्टर आणि त्यांच्या खांद्याला तोच निळा डबा! कडी मोडली म्हणून भंगारात काढलेला तो डबा त्यांनी मागून घेतला होता आणि आता त्यात कॅमेरा ठेवला होता. "कोकणातल्या दमट हवेत याच्यासारखी वस्तू नाही," त्या म्हणाल्या. वाटेत आमच्याकडे बघून एक बाई पोराला पदराआड घेऊन घरात शिरली.

वर्गात कॉलेजातली पंधरा-वीस पोरं आणि स्वतःचा स्टुडिओ असलेले एक तरुण सर होते. सरांनी सगळ्यांना आपापलं नाव सांगायला लावलं. सिस्टरनी नाव तर सांगितलंच, वर रक्तगटही सांगितला. मग सरांनी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, समजावला. पोरांना ओ की ठो कळेना. सिस्टरनी हात वर केला. "म्हणजे डोस. अंधार जास्त, तर डोस जास्त. बरोबर?"

"बरोबर, पण जास्त वाढवला तर फोटोत दाणे दिसतात."

"दिसणारच. ओव्हरडोस झाल्यावर पुरळ उठायचंच."

सर म्हणाले, "मी आठ वर्षं शिकवतोय, हे इतकं सोपं मला नाही जमलं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. येताना सिस्टर स्कूटरवर अशा काही ताठ बसल्या होत्या की वळणावर माझा तोल जात होता.

पहिला गृहपाठ म्हणजे जवळच्या माणसाचा फोटो. जवळचा माणूस कोण, तर मी. त्यांनी मला अंगणात उभं केलं, निळ्या डब्यातून कापूस काढला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि कॅमेऱ्याची काच पुसली. "हलू नको. काही नाही होत, मुंगी चावल्यासारखं वाटेल." आणि खटक! मी डोळे मिटून घेतले होते. मिटले तरी बिघडलं नाही म्हणा, कारण फोटोत माझं डोकंच नव्हतं. हनुवटीखाली सगळा मी होतो आणि डावा दंड लख्ख, त्यावरचा लशीचा व्रण तर मोजून घ्यावा इतका स्वच्छ.

"हा माझ्या हातचा," सिस्टर व्रणावर बोट ठेवून कौतुकाने म्हणाल्या.

पहिल्या महिन्यात त्यांनी शंभरेक माणसांचे फोटो काढले. शंभर दंड! सर म्हणाले, "सिस्टर, चेहरा घ्या, चेहरा. डोळ्यांवर फोकस." काचेला स्पिरिट लावू नका, वरचा थर जातो, हेही त्यांनी बजावलं. सिस्टरनी विचारलं, "मग निर्जंतुक कसं करायचं?" सरांनी शेवटी हात टेकले आणि पुढे एक साधी काच चढवून दिली. हिला काय हवं ते लावा, म्हणाले.

हळूहळू चेहरे फोटोत यायला लागले. पण कसले चेहरे! माझी बायको वैशाली, वाडीत सगळ्यात हसरी बाई. फोटोत तिने दात आवळलेले, मान वळवलेली, एक डोळा बंद. शेजारचा भागोजी आबा, ऐंशी वर्षांचा, कोणाच्या बापाला न घाबरणारा. फोटोत त्याची मुद्रा धनुर्वाताचं इंजेक्शन घेणाऱ्याची. विनोद सांगून हसवावं, असं मी सुचवलं. सिस्टरनी एक विनोद पाठ केला आणि सगळ्यांना सांगितला. पण तो संपला की सवयीने पुढे जोडायच्या, "घाबरू नको हां, दुखणार नाही." हसू घशातच राहायचं.

आणि अशात सरांनी जाहीर केलं, वर्गाचं प्रदर्शन भरणार, पहिल्या नंबराला बक्षीस. प्रत्येकाचा एकच फोटो. विषय, हसरा चेहरा. समोरचा माणूस थेट कॅमेऱ्यात बघून हसला पाहिजे. पंधरा दिवसांत आणून द्या.

आम्ही परत निघालो. भाट्याच्या पुलावर सिस्टरनी माझ्या खांद्यावर टकटक केलं. "थांब जरा." स्कूटर कडेला घेतली. भरती होती, वारा भणाणत होता.

"संज्या, चौतीस वर्षांत माझ्याकडे बघून कोण हसलंय रे?"

"मी हसतो की."

"तू घाबरून हसतोस. मला ठाऊक आहे." मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "पोरं रडायची ना, त्यांच्या तोंडाकडे बघितलं की माझा हात कापायचा. सुरुवातीला एकदा तर सुई हातातून पडली. तेव्हापासून ठरवलं, तोंड बघायचं नाही. नुसता दंड बघायचा. तुम्हा सगळ्यांचे दंड मी ओळखते, पण तोंडं नीट बघितलीच नाहीत. बक्षीस गेलं खड्ड्यात. माझ्याकडे बघून माणूस हसतो तेव्हा कसा दिसतो, तेवढं एकदा मला बघायचंय."

शंभर दंडांवर मी पोट धरून हसलो होतो, त्याची मला लाज वाटली.

त्या पंधरा दिवसांत त्या दारोदार फिरल्या. लोक नाही म्हणत नव्हते, उलट चांगले कपडे घालून उभे राहायचे. पण खटक व्हायच्या आधी चेहरा असा काही वाकडा व्हायचा की बघवत नसे. चौदा दिवस गेले. शेवटचा रविवार उरला. सोमवारी फोटो द्यायचा.

रविवारी सकाळी वंदना झाली की आमची अख्खी वाडी विहारासमोरच्या पटांगणात असतेच. मी सगळ्यांना आधी हात जोडून सांगून ठेवलं होतं, बाबांनो, आज हसा. चाळीस माणसं पायऱ्यांवर बसली, म्हातारे पुढे, बायका मधे, पोरं वर. सगळी हसत, खिदळत, एकमेकांना कोपरं मारत. मला वाटलं, जिंकलो.

सिस्टर समोर आल्या. डबा उघडला. कापूस काढला, काच पुसली, कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि चाळीसच्या चाळीस चेहरे ताठ झाले. एकदम सगळ्यांचं हसू विझलं. वैशालीने तर शेजारणीचा हात घट्ट धरला. मी स्वतः सिस्टरच्या बाजूला उभा होतो, मला तर कोणी फोटोतही घेतलं नव्हतं, आणि खाली बघतो तर मी माझी डावी बाही कोपराच्या वर सारलेली!

सिस्टरनी कॅमेरा खाली केला. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा बघितला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "नाही जमायचं. जा घरी सगळी."

कोणी उठेना. मग पहिल्या पायरीवरून भागोजी आबा गरजला, "सिस्टर! पयला तो हातातला कापूस टाक!"

"काय?"

"कापूस टाक गो! त्या स्पिरिटाचा वास नाकात गेला की माजा हात आपसूक लेंग्याच्या नाडीकडं जातो. हसू कसा?"

क्षणभर कोणाला कळलंच नाही. आबाने खाली बघितलं. त्याचा हात खरोखरच नाडीवर होता. त्याच्या शेजारच्याने आपली सारलेली बाही बघितली. वरच्या पायरीवरच्या पोरांनीही सारल्या होत्या. सगळ्यांनी एकमेकांचे उघडे दंड बघितले, मग सिस्टरच्या डाव्या हातातला ओला कापूस बघितला, आणि पटांगणात असा काही हशा फुटला की विहाराच्या छपरावरची कबुतरं उडाली.

सिस्टर हातातल्या कापसाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो लांब भिरकावून दिला.

"सिस्टर, मारा!" मी ओरडलो.

"मुंगी चावल्यासारखं वाटेल रे मेल्यांनो!" त्या ओरडल्या. हशा दुप्पट झाला. खटक, खटक, खटक! त्यांचे डोळे वाहत होते, पण हात काही कापला नाही.

प्रदर्शनाला आमची वाडी टेम्पो भरून गेली. हॉलच्या मधल्या भिंतीवर सगळ्यात मोठा फोटो आमचा. चाळीस माणसं, चाळीस उघडे दंड, आबा नाडी धरून तोंडातले उरलेले तीन दात दाखवतोय, वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलंय हसून. सगळी थेट कॅमेऱ्यात बघतायत. तेवढ्यात आबाने फोटोखालची चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली आणि सरांची कॉलरच धरली. "ही शालिनी जाधव कोण? आमच्या सिस्टरचा फोटो हिनं ढापला? बोलवा तिला!" आमच्या बायकाही तावातावाने पुढे आल्या. सरांनी घाबरून सिस्टरकडे बोट दाखवलं.

"मीच रे ती," सिस्टर हळूच म्हणाल्या. आबाने कॉलर सोडली आणि सरांचा शर्ट नीट करून दिला.

प्रेक्षकांनी स्वतःचं नाव-गाव लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकून निवड करायची होती. पहिला नंबर सिस्टरचा. टेम्पोभर माणसं आणल्यावर दुसरं काय होणार, असं कोणीतरी मागे कुजबुजलं. सर माईकवर म्हणाले, "मला शंका होतीच, म्हणून त्यांच्या वाडीच्या चिठ्ठ्या मी बाजूला काढून मोजलं. तरी सिस्टरच." मी शिट्टी मारली. सरकारी लिपिकाने मारू नये, पण मारली.

तो फोटो आता सिस्टरच्या पुढच्या खोलीत आहे. परवा दुपारी मी गेलो, तर त्या त्याच्यासमोर उभ्या राहून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत होत्या. "वैशालीच्या गालाला खळी पडते रे. तिची सगळी टोचणं मी केली, मला माहीतच नव्हतं."

"सिस्टर, माझा एक काढा. मी यात नाहीये. आणि या वेळी डोकं घ्या."

पडवीत उभा राहिलो. त्यांनी काच साध्या फडक्याने पुसली. मी हसलो, अगदी मनापासून. खटक.

"झालं! जा आता," त्या कॅमेरा डब्यात ठेवत म्हणाल्या. "अर्धा तास बसायचा नियम मी काढून टाकला. तुझंच बरोबर होतं, फोटोने कसली चक्कर येतेय. उगाच लोकांचा खोळंबा."

मी चप्पल घालायला वाकलो. पडवीत दुसरा आवाज नव्हता, घड्याळाची टिकटिक तेवढी होती. आत ओट्यावर चहाचे दोन कप पुसून उपडे ठेवलेले दिसले. आणि माझ्यासारख्या मठ्ठाच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. फोटोला एक सेकंद पुरतो. इतके महिने या बाकड्यावर बसून मी घड्याळ बघत चहा पीत होतो आणि तो अर्धा तास कशासाठी असतो ते मला कळलं नव्हतं.

मी चप्पल काढली आणि बाकड्यावर बसलो.

"काय रे? काय झालं?"

"सिस्टर, जरा चक्कर आल्यासारखं वाटतंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दंडाकडे नाही, तोंडाकडे, चांगलं निरखून. "खोटारड्या मेल्या," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत वळल्या. तेवढ्यात फाटकाशी काठीची ठकठक झाली. भागोजी आबा होता.

"सिस्टर, माजा पण एक काढ गो," तो लांबूनच ओरडला. "आणि चा जरा जास्तीचा टाक. माका आत्तापास्नंच मळमळतंय."

मी सरकून त्याला जागा करून दिली. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं, पण किती वाजले ते मी बघितलं नाही.